सुनंदाबाईंची तीन दिवसांची वही

नशिराबादच्या सुनंदाबाईंचा मुलगा हितेंद्र जळगावात डाळमिलमध्ये कामाला, आणि त्याच्याच पोरीला डाळ वर्ज्य. सात वर्षांच्या रूपाला जन्मापासून असा आजार की डाळ-दूध पोटात गेलं की त्याचा त्रास थेट मेंदूला. म्हणून डॉक्टरांनी दिलेली पावडर, मोजून भात, साबुदाणा आणि फळं. बाई हे पथ्य डोळ्यांत तेल घालून सांभाळत.

त्यात दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ कामिनीताईंनी सांगितलं, अशा मुलांच्या आतड्यातल्या बुरशीचा अभ्यास चाललाय. शीची डबी द्या, आणि तीन दिवस पोरगी जे खाईल ते वहीत लिहा. बुरशी म्हटल्यावर बाईंचं डोकंच फिरलं. चाळीस वर्षांत त्यांच्या लोणच्याला कधी बुरशी धरली नव्हती, आणि ह्या निघाल्या नातीच्या पोटात शोधायला! वर वहीत नुसता साबुदाणा लिहावा, तर लोक म्हणणार घरात खायला नाही. मग बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलं: वरण-बट्टी, शेवभाजी, भरीत-पुरी, वरून तूप.

पंधरा दिवसांनी सगळ्यांना बोलावणं आलं. डॉक्टर चक्रावले होते. इतकं वरण खाऊन पोरीचं रक्त इतकं चांगलं कसं? तपासणी दोनदा झाली, कामिनीताईंनी वही चारदा वाचली. त्यात डबीत एक वेगळीच बुरशी सापडली, तेव्हा डॉक्टरांना वाटलं, वरण तीच फस्त करत असणार. हितेंद्रला तर काहीच उमजेना. घरात बट्ट्या झाल्या होत्या हे खरं, पण पोरीनं त्या कधी खाल्ल्या?

"उद्यापासून रूपाला अर्धी वाटी वरण देऊन बघू," डॉक्टर म्हणाले.

सुनंदाबाईंपुढे आता अब्रू की नात, एवढाच प्रश्न होता. त्याच्या उत्तराला त्यांना क्षणभरही लागला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"तिले वरन देऊ नका, साहेब," त्या म्हणाल्या. "तिनं साबुदानाच खाल्ला. वहीतलं सारं मी खाल्लं."

डॉक्टरांनी वही पुन्हा उघडली, तीन दिवसांच्या बट्ट्या मोजल्या, तूप मोजलं, आणि बाईंनाच रक्त द्यायला पाठवलं. साखर साडेतीनशे निघाली.

आता घरात दोघींना मोजून जेवण असतं. बाईंची वही रूपा लिहिते. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण घराच्या अब्रूचा ती अजिबात विचार करत नाही. कालच्या पानावर लिहिलंय: "आजीने दाराआड उभं राहून एक बट्टी खाल्ली. तूप पण."