लाल शाईतल्या ऑरेलियाबाई

पहिली चिठ्ठी सोमवारी दुपारी सुधारली गेली. बळवंतराव वामकुक्षी आटोपून स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले आणि टेबलावरच्या पिवळ्या चिठ्ठीकडे त्यांची सहज नजर गेली. सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यावर निळ्या शाईत 'मासेइ' असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे रोमानियन भाषेत 'टेबलाचा'. आता त्यातल्या 'मा'वर लाल काट होती आणि डोक्यावर 'मे' लिहिलेलं होतं. मेसेइ. अक्षर ठळक आणि सुटंसुटं होतं, फळ्यावर लिहायची सवय असलेल्या माणसाचं असावं तसं.

घरात त्यांच्या बायकोशिवाय, म्हणजे प्रमिलाबाईंशिवाय, कोणी नव्हतं. आणि या विषयात प्रमिलाबाई घरात असणं म्हणजे कोणी नसल्यातच जमा, असं बळवंतरावांचं पक्कं मत होतं.

त्यांनी पुस्तक उघडलं. मेसेइच बरोबर होतं. रोमानियनमध्ये बहुतेक स्त्रीलिंगी नामांची षष्ठी करायची तर म्हणे आधी त्यांचं अनेकवचन घ्यायचं आणि त्याला प्रत्यय लावायचा. एका टेबलाचा पाय मोडला हे सांगायला आधी चार टेबलं मनात मांडायची! हा नियम त्यांच्या पुस्तकात चौदाव्या धड्यात होता आणि ते अजून नवव्यात होते. म्हणजे लिहिणारा त्यांच्या पाच धडे पुढे होता. बळवंतरावांच्या हातातलं पाणी तसंच राहिलं.

आता हा रोमानियनचा काय उद्योग, असं तुम्ही विचाराल. बळवंतराव सांगलीला छत्तीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांची एकुलती एक लेक ऊर्मी कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर; चार महिन्यांपूर्वी दोघं नवरा-बायको तिच्याकडे राहायला आलेले. दोन वर्षांपूर्वी तिने हे घर घेतलं, तेव्हा किल्ल्या द्यायला आलेला राडू नावाचा रोमानियन पोरगा किल्ल्या देऊन गेलाच नाही. म्हणजे गेला, ओटावाला आपल्या नोकरीवर. पण दर शनिवारी यायला लागला. येत्या रविवारी त्याची आई विमानाने येऊन या घरात साखरपुड्याचं बोलणं करणार होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. तेव्हा स्वागताचं भाषण आपण तिच्याच भाषेत करायचं, असं बळवंतरावांनी ठरवलं होतं.

विभक्ती म्हटलं की त्यांना स्फुरणच चढायचं. "आपल्या आठ, यांच्या पाच! त्यातही प्रथमा-द्वितीया जुळ्या, चतुर्थी-षष्ठी जुळ्या. उरलं संबोधन. हा काय अभ्यास आहे?" असं म्हणत त्यांनी घरभर चिठ्ठ्या लावल्या. स्काउन म्हणजे खुर्ची, स्काउनुल म्हणजे 'ती' खुर्ची, स्काउनुलुइ म्हणजे तिचा. घरातली प्रत्येक वस्तू आपापलं शेपूट लावून बसली होती. प्रमिलाबाई धूळ पुसताना चिठ्ठ्या हलक्या हाताने उचलायच्या आणि परत लावायच्या. सकाळी दहा ते बारा त्या शेजारच्या फ्लोरिकाबाईंकडे विणकामाला जात. त्या बाईंना इंग्रजी येईना, यांना बोलायचं धाडस होईना. "दोन मुक्या बसतात सुया हलवत," असं बळवंतराव ऊर्मीला सांगायचे.

मंगळवारी खिडकीची चिठ्ठी सुधारली गेली. बुधवारी जिन्याची आणि पुस्तकाची. बाहेर चार दिवसांचा बर्फ पडून होता आणि पायऱ्यांवर घरच्यांखेरीज कोणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं. दुपारी साडेचारलाच उजेड मरायचा, खिडक्या राखाडी व्हायच्या, आणि जमिनीतल्या जाळ्यांतून तळघरातल्या फर्नेसची, घर तापवणाऱ्या भट्टीची, गरम हवा उसासे टाकल्यासारखी यायची. बळवंतरावांनी मुद्दाम एक परीक्षा घेतली. तळघराच्या दाराआड, कोणाला दिसणार नाही अशा जागी, दाराची षष्ठी जाणूनबुजून चुकीची लिहून लावली आणि शेजारीच तिचं बरोबर रूपही लावलं. तासाभराने पाहिलं. चूक सुधारली होती. बरोबर रूपाला लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

"तपासणारा निष्पक्षपाती आहे," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि मग त्यांना दरदरून घाम फुटला.

कारण त्यांना राडूचं बोलणं आठवलं. हे घर त्याच्या आत्याआजीचं, ऑरेलियाबाईंचं. त्यांनी इथल्या चर्चमध्ये चाळीस वर्षं मुलांना रोमानियन व्याकरण शिकवलं. लोकांची आलेली पत्रं त्या चुका दुरुस्त करून परत पाठवायच्या. पाद्रीबाबांनी लावलेली नोटीससुद्धा त्यांनी सोडली नव्हती. आणि गेल्या त्या इथेच, स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीत. त्याच खोलीत बळवंतराव वामकुक्षी घेत.

त्यांनी ऊर्मीला फोन लावला. "ऊर्मे, त्या ऑरेलियाबाई कोणत्या शाईने लिहायच्या?"

"बाबा, मी मशीनपाशी आहे, ऑन द फ्लोअर. लाल असेल. टीचर होत्या ना त्या. का?"

"काही नाही," बळवंतराव म्हणाले.

गुरुवारी कळस झाला. ते झोपून उठले, खाली आले, आपल्या आवडत्या आरामखुर्चीत बसणार तोच पाठीवर एक चिठ्ठी दिसली. ही त्यांनी लावलेलीच नव्हती. सुधारणा नाही, काही नाही. अख्खी चिठ्ठीच लाल. एकच शब्द. मोशुले. त्यांनी शब्दकोश चाळला. मोश म्हणजे म्हातारा. मोशुले, संबोधन. हे म्हाताऱ्या!

बळवंतरावांची पाचावर धारण बसली. आतापर्यंत बाई चुका तपासत होती ते एक वेळ ठीक होतं. ती शिक्षिका, हे शिक्षक, समजू शकतं. पण आता ती हाक मारायला लागली होती. आणि मेलेल्या माणसाने हाक मारली तर ओ देऊ नये एवढं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. ते पाऊण तास तोंड घट्ट मिटून बसले.

"अहो, चहा ठेवू का?" प्रमिलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी सकाळी प्रमिलाबाई शेजारी गेल्यावर त्यांनी ऊर्मीला पुन्हा फोन केला. "रविवारचं रद्द कर."

"व्हॉट?"

"या लग्नाला घरातल्या बाईची संमती नाही."

"आई असं म्हणाली?"

"आई कशाला म्हणेल? ऑरेलियाबाई! त्यांच्या नातवाच्या सासऱ्याला धड षष्ठी चालवता येत नाही, हे त्यांना पसंत नाही. मला एकेरीत हाक मारली गं त्यांनी."

पलीकडून ऊर्मीचा आवाज आला, आणि तो रडवेला होता. "बाबा, त्याची आई ऑलरेडी एअरपोर्टवर निघालीये. तिला आधीच वाटतंय की तुम्हाला हे लग्न नकोय. तुम्ही आता रद्द केलंत ना, तर ती परत येणार नाही. कधीच नाही. प्लीज. मी शिफ्ट संपताच निघते, तोपर्यंत कोणाला काही सांगू नका."

बळवंतरावांचं काळीज गलबललं. लेकीचं सुख एकीकडे आणि लाल शाई दुसरीकडे. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला आणि मार्कहॅमच्या देवदत्त गुरुजींना व्हिडिओ कॉल केला. गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीत आणि शनिवार-रविवारी पूजेत. ते ऑफिसच्या एका कोपऱ्यात जेवणाचा डबा उघडून बसले होते.

"काका, सोपं आहे," सगळं ऐकून गुरुजी म्हणाले. "धूप घाला, भरपूर. आणि बाईंना नावाने हाक मारून क्षमा मागा. त्यांच्याच भाषेत मागा हं, नाहीतर पोचणार नाही. एक मिनिट, मॅनेजर येतोय, मी म्यूटवर जातो."

बारा वाजून गेले होते. प्रमिलाबाई परत येऊन तळघरात कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बळवंतरावांनी दिवाणखान्याचे पडदे ओढले, कढईत निखारे केले आणि गुग्गुळाची पुडी अख्खी उपडी केली. धूर असा उठला की समोरचा सोफासुद्धा दिसेना. पडद्यांच्या फटींतून बर्फाचा फिका उजेड तेवढा आत येत होता. फर्नेस थांबली. घर इतकं शांत झालं की त्यांना स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. ते जमिनीतल्या जाळीसमोर बसले, हात जोडले आणि म्हणाले, "दोआम्ना ऑरेलिया..."

जाळीतून, जमिनीच्या खालून, एका बाईचा खोल, पोकळ आवाज आला.

"दोआम्नं."

बळवंतराव जागच्या जागी गोठले.

"हाक मारताना दोआम्ना नाही होत," असं काहीतरी तो आवाज म्हणाला असावा. पण तोवर बळवंतरावांनी ठोकलेल्या आरोळीत ते बुडून गेलं. त्याच क्षणी छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. बळवंतराव उठले, कढईला लाथ बसली, निखारे फरशीवर सांडले, ते विझवायला त्यांनी आपली शाल टाकली आणि शालीनेही धूर धरला. टेबलावरच्या फोनमधून गुरुजी ओरडत होते, "काका, आल्या का त्या? काका, दिसतायत का?"

मग सगळं एकदम झालं. दार उघडून फ्लोरिकाबाई स्वयंपाकाच्या ॲप्रनवरच आत धावल्या. दुरून बंबाची घंटा ऐकू यायला लागली, कारण भोंगा ऐकताच त्यांनी आधी तिकडे फोन करून 'फायर, फायर' एवढंच सांगितलं होतं. आणि धुरातून, तळघराच्या जिन्याने, एका बाईची आकृती वर आली. तिच्या डोक्यावर पांढरं काहीतरी होतं. बळवंतराव सोफ्यावर चढून उभे राहिले.

"प्रमिला! चे स-अ इंतिंप्लात?" काय झालं, असं फ्लोरिकाबाई चक्क रोमानियनमध्ये ओरडल्या.

आकृतीने डोक्यावरची ओली उशीची खोळ काढली, नाकाला लावली आणि अगदी शांतपणे उत्तर दिलं, "निमिक, ड्रागा मेआ. मोशुल फाचे फुम."

बळवंतरावांना एवढं रोमानियन नक्की कळत होतं. काही नाही गं बाई, म्हातारा धूर करतोय.

बंबवाले आले, खिडक्या उघडून गेले. प्रमिलाबाईंनी गुरुजींचा फोन बंद केला. उणे अकराची हवा घरात शिरली तेव्हा कुठे बळवंतराव सोफ्यावरून उतरले.

"तू?"

"मी."

"तुला... कसं येतं?"

"चार महिने रोज दोन तास बसतेय तिच्याकडे. तुम्हाला काय वाटलं, नुसत्या सुयाच हलवतो आम्ही? तिची गुडघेदुखी, तिच्या सुनेची तऱ्हा, गेलेल्या ऑरेलियाची कौतुकं, सगळं ऐकते मी. ऐकून ऐकून आलं."

"आणि माझ्या चिठ्ठ्या?"

"कानाला खटकायचं हो. तुम्ही दिवसभर मोठ्याने म्हणत फिरायचात, मासेइ, मासेइ! फ्लोरिकाला म्हटलं, लिहायचं कसं ते दाखव. तिने पेन दिलं, लालच होतं."

बळवंतरावांच्या चेहऱ्यावर राग गोळा होऊ लागला. इतक्या दिवसांची भीती कुठेतरी काढायचीच होती. "छत्तीस वर्षं मी व्याकरण शिकवलं! माझ्या चुका काढल्यास? मला न सांगता? लाल शाईने?"

प्रमिलाबाईंनी खोळेची नीट घडी घातली. "लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून तुम्ही माझी वाण्याची यादी सुधारताय. शेंगदाण्यातला अनुस्वार, जिऱ्याची वेलांटी. चव्वेचाळीस वर्षं. मी बोलावले का कधी गुरुजी?"

बळवंतरावांना लाज वाटली. ही लाज त्यांच्या अंगवळणी पडलेली नसल्यामुळे ती नेमकी कुठे ठेवावी तेही त्यांना कळेना. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "आणि ते खुर्चीवरचं? ती काही माझी चूक नव्हती."

प्रमिलाबाई एकदम लाजल्या. "ती चूक नव्हे, हाक होती. फ्लोरिका तिच्या नवऱ्याला तशी मारायची, लाडाने. तुम्हाला हाक मारायला मला 'अहो'शिवाय काही मिळालंच नाही. म्हटलं, बघावं लिहून. तर तुम्ही पाऊण तास तोंड मिटून बसलात! चहासुद्धा घेतला नाहीत."

ऊर्मी घरी पोचली तेव्हा वाद घालायची पूर्ण तयारी करून आली होती. रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती. दार उघडं होतं, घरात धुराचा वास होता आणि दिवाणखान्यात कोट घालून तिचे बाबा उभे होते. हातात भाषणाचा कागद होता. समोरच्या आरामखुर्चीत डोळे मिटून आई बसली होती. बाबा एक वाक्य वाचायचे आणि थांबायचे, आई 'बरोबर' म्हणून बोट हलवायची, मग ते पुढे जायचे. तिसऱ्या वाक्याला आईने बोट हलवलंच नाही. बाबा निमूटपणे सुरुवातीपासून वाचायला लागले. जन्मात पहिल्यांदा ऊर्मीने हे पाहिलं आणि तिला हुंदका आवरेना.

"बाबा, मग संडेचं? नक्की ना?"

बळवंतराव बायकोकडे बघायला लागले.

"नक्की," प्रमिलाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "विहीणबाईंना कळव, भाषण यांचंच आहे. फक्त संध्याकाळी या म्हणावं, यांचं अजून दुसरंच वाक्य चाललंय."