सिस्टरच्या गाडीवर बोलली आमची ही

प्रचाराच्या गाडीवर भोंगे लावण्यात माझा हात धरणारा माणूस या गावात नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. एकवीस निवडणुका केल्या, पण एकाचं भाषण दुसऱ्याच्या गाडीवर वाजलंय, असं कधी झालं नाही. एकदाही नाही!

म्हणजे मंगळवारपर्यंत नाही.

या वेळी विधानसभेला आमच्या भागातून सिस्टर उभ्या आहेत. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. अर्धी वस्ती त्यांच्या हातावर जन्मली आणि उरलेली अर्धी त्यांच्या सुईला घाबरते. त्यांचा प्रचार बघतात त्यांचे भाऊ. ते शाळेत हेडक्लार्क होते, त्यामुळे साधं बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी मला रेकॉर्डिंगचे दोन भाग आणून दिले. पहिला, उमेदवाराची ओळख. दुसरा, उमेदवाराचे प्राधान्यक्रम.

"हा दुसरा भाग म्हणजे आपला आत्मा आहे," भाऊ म्हणाले. "सर्वसमावेशक विकासाची त्रिसूत्री! तीन रात्री जागून लिहिलीय."

"काळजी सोडा," मी म्हटलं. "एकवीस निवडणुका..."

"ते सांगितलंत मगाशी."

आता माझा गाडीतला प्लेअर माझ्यासारखाच. नवीन काही दिलं की तोंड फिरवतो. भाऊंचा चकचकीत पेनड्राइव्ह त्याने घेतलाच नाही. त्याला चालतो तो एकच, जुना, रबर लावलेला. आणि त्यात आमची ही आहे.

ती आठ महिन्यांपूर्वी गेली. धंद्यात आम्ही दोघं होतो. मी भोंगा बांधून पन्नास पावलांवर जाऊन उभा राहायचो आणि ती माईकवर बोलून बघायची. बाकीचे लोक "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणतात. ही म्हणायची, "आकडे काय मोजायचे? माईक हातात आलाय तर कामाचं बोलते." आणि मला घरातली, गल्लीतली, दवाखान्यातली सगळी कामं भोंग्यातून सुनावायची. आवाज नंतर तपासायला मी ते रेकॉर्डही करायचो. अशी पन्नास-साठ रेकॉर्डिंगं तरी झाली असतील. बाकी सगळ्यांवर मी गाणी भरली. मला काय माहीत! एकच राहिलं. त्याची दुसरी प्रत काढायचीही हिंमत झाली नाही. काढता काढता पुसलं गेलं तर?

तर मी तिला उचलून तीन नंबरवर बसवली, ओळख एक नंबरला टाकली आणि प्राधान्यक्रम दोनला. प्लेअरला सांगितलं, एक आणि दोन, आलटून पालटून. कानात कापसाचे बोळे घातले, कारण डोक्यावर चार भोंगे घेऊन फिरायचं तर दुसरा इलाज नाही, आणि निघालो.

पहिल्याच गल्लीत बायका खिडक्यांत आल्या. दुसऱ्या गल्लीत टाळ्या! एकवीस निवडणुकांत प्रचाराच्या गाडीला टाळ्या मिळालेल्या मी बघितल्या नव्हत्या. तिसऱ्या गल्लीत मात्र मजा झाली. दुकानांपुढे उभे असलेले पुरुष एकाएकी आपापल्या कॉलरचा वास घ्यायला लागले. दोघं तर घरात पळाले! सिस्टरची लाट आहे म्हणतात ती हीच, असं समजून मी दोन्ही बाजूंना हात जोडत सुटलो. जणू मीच उभा होतो.

चौकात इस्त्रीवाला गाडीला आडवा आला. हातात इस्त्री तशीच! मी करकचून ब्रेक दाबला. त्याने खिडकीतून हात घालून माझ्या कानातला बोळा उपसला.

"काका! काकू बोलतायत!"

"कोण?"

"काकू! वर!"

आणि मला ऐकू आलं. चार भोंग्यांतून, सगळ्या चौकाला.

"अहो, येतंय का ऐकू? मग ऐका. कोपऱ्यावरच्या गटाराला झाकण नाही. कुणाचा पाय मोडल्यावर बसवणार का? दवाखान्यात बायकांना बसायला बाक नाही, पोटुशी बाई भिंतीला टेकून उभी असते. पाणी कधी येणार ते आदल्या दिवशी सांगा म्हणावं, माणसाने किती वेळ नळाकडे बघत बसायचं! आणि तुम्ही! तीन दिवस तोच शर्ट! काढा तो, भिजत घालते!"

आठ महिने मी तिला स्वयंपाकघरात अगदी बारीक आवाजात ऐकत होतो. ती गेल्यावर भोंग्यातून ऐकली ती पहिल्यांदाच. बंद करायला हात पुढे केला, पण तो बटणापर्यंत पोचेना.

बंद केलं ते भाऊंनी. स्कूटर रस्त्यात आडवी टाकून धावत आले आणि पेनड्राइव्हच उपटून घेतला.

"माझी त्रिसूत्री कुठंय? लोक मला फोन करून विचारतायत, सिस्टर निवडून आल्या तर कपडे धुऊन देणार का!"

"भाऊ, नंबर चुकला. दोनवर तीन गेलं."

"आधी हे पुसून टाकतो, मग बोलू!"

"पुसू नका!" मी ओरडलो. एका कानात बोळा होता, त्यामुळे केवढ्याने ओरडलो ते कळलं नाही. "तेवढीच आहे ती," मी म्हटलं. "दुसरी नाही माझ्याकडे."

एवढ्यात सिस्टर आल्या, पायीच. त्यांनी भावापुढे नुसता हात धरला. दवाखान्यात कात्री मागताना धरतात तसा. भाऊंनी पेनड्राइव्ह ठेवला त्या हातावर.

"लावा," त्या मला म्हणाल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्याने ऐकलं त्यांनी. "अकरा नंबरची खाट," मग म्हणाल्या. "सलाईन चालू असताना मला सांगायची, सिस्टर, बाकांचं बघा. मी म्हणायची, वर अर्ज दिलाय." भाऊंकडे वळल्या. "तुझ्या त्रिसूत्रीतलं पहिलं सूत्र काय?"

भाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या. "सर्वसमावेशक... थांब, कागद घरी राहिला."

"झाकण, बाक, पाणी," इस्त्रीवाला म्हणाला.

"आणि शर्ट!" खिडकीतून एक बाई ओरडली.

"शर्टाचं काकांनी बघावं," सिस्टर म्हणाल्या. "बाकीचे तीन माझे. पत्रकं बदल, भाऊ. आणि आधी याच्या प्रती काढ."

भाऊंच्या लॅपटॉपवर प्रती निघेपर्यंत मी श्वास धरून बसलो होतो. "झालं हो, घ्या श्वास," भाऊ म्हणाले. एक नाही, सहा निघाल्या! सहावी त्यांनी गुपचूप खिशात टाकली. म्हणाले, आमच्या हिलाही ऐकवतो.

मतदान रविवारी आहे. सिस्टर येतील की पडतील, देव जाणे. काल समोरच्या पार्टीच्या माणसाचा फोन आला.

"तुमच्या गाडीवर त्या बाई बोलल्या ना, काय आवाज आहे हो! आमच्याकडे एक दिवस बोलतील का?"

चाळीस वर्षांची सवय. "थांबा, तिला विचारून सांगतो," म्हटलं, फोन टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. तिथे थोडा वेळ उभा राहिलो.

परत आलो तर तो बिचारा अजून फोन धरून होता.

"काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाली," मी म्हटलं. "सिस्टरचं काम घेतलंय म्हणाली."