काकांना दिलेला चॅटरूमचा मान

प्रत्येक कमांड आधी करून बघायची, मगच लिहायची! पंढरीचा बाणाच तसा. ठाण्यात नौपाड्यातल्या एका इंटरनेट कंपनीने चॅट सर्व्हरच्या कमांड मराठीत समजावून लिहायचं काम त्याला दिलं, तेव्हा तो छाती फुगवून म्हणाला, "साहेब, माझं पुस्तक वाचून शेंबडं पोरही सर्व्हर चालवेल!"

सुट्टीच्या दिवशी त्याने आईला, तुळसाबाईंना, आणि थोरल्या काळुरामकाकांना ऑफिसात नेलं. धाकटा भाऊ आनंद मस्कतहून चॅटवर येणार होता. तिथली नोकरी अजून दोन वर्षं करायची की घरी परतायचं, हे त्याला आजच कंपनीला सांगायचं होतं. आई सकाळपासून एकच घोकत होती, "पोरा, परत ये."

पण आधी कमांड! आज पाळी होती चॅटरूमचा प्रमुख नेमायच्या कमांडची. आता गावात नारळ फोडायचा तर काका, लग्नाची सुपारी फोडायची तर काका. मग हा मान दुसऱ्या कुणाला द्यायचा? पंढरीने तो शेजारच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या काकांना रीतसर बहाल केला. काका कारखान्यात टायपिस्ट होते.

"यात करायचं काय रे?"

"कुणालाही बाहेर काढता येतं, काका. वर कारणही लिहिता येतं! हे बघा, असं."

तेवढ्यात आनंद आला. ना नमस्कार, ना रामराम! "लवकर बोला. साहेब थांबलेत. राहू की येऊ?"

काकांचं डोकं सणकलं. "वडीलधारी माणसं बसलीत, न् ह्याची भाषा बघा!" बोटं सरसर चालली. आनंद बाहेर! कारण: 'घरी ये, मग बघतो तुला. – काका.'

"काका, काय केलंत हे!"

 तुळसाबाईंचं वाक्य तोंडातच राहिलं, डोळ्यांना पदर लागला. सगळ्यांनी खूप वाट पाहिली. पण काकांनी हाकलल्यावर पुन्हा आत शिरायची आनंदची काय बिशाद! आता पोरगा अजून दोन वर्षं तिकडेच अडकला, असं समजून तिघं घरी आले.

महिन्याभराने काकांच्या दारात बॅगांसकट आनंद उभा, मागे आई न् पंढरी. मान खाली.

"आलो, काका. काय बोलायचं ते बोला."

"अरे, मी आपलं दिवाळीला आल्यावर म्हणत होतो!"

"मी तर नोकरी सोडली, काका!"

काकांनी बोलायला पुन्हा घसा खाकरला.  मग जन्मात दिरासमोर तोंड न उघडलेल्या तुळसाबाई पुढे झाल्या.

"भावजी, आता काय बोलू नका. पोरगा जेवायचा हाय."