पुठ्ठ्याचे जोडे

"एवढासा जीव आहे, जपून न्या," म्हणत सासूबाईंनी जावयाच्या हातावर पिल्लू ठेवलं, तेव्हा तो स्टुडिओ उघडायला निघाला होता. त्यांची कोंबडी नऊ पिल्लं घेऊन खुराड्यातून उठली होती आणि दहावं अंडं मागाहून एकटंच फुटलं होतं. या दहाव्याची बोटं मुठीसारखी आत वळलेली, पाय दोन दिशांना फाकलेले. उभं राहायला गेलं की पोटावर आपटायचं. त्याला ऊब हवी होती, आणि चांगला तापणारा दिवा फक्त स्टुडिओत होता.

सासूबाई लेकीकडे राहायला येऊन चार महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्यांनी जावयाकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. आमटी अळणी झाली तरी मीठ मागायच्या नाहीत. त्यामुळे फोटोग्राफरला नाही म्हणायची सोयच नव्हती.

त्याने पिल्लाला खोक्यात ठेवलं, खाली फोटोचा कोरा, गुळगुळीत कागद अंथरला, पायांभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि दिव्याखाली खोकं सरकवलं. साखरपाण्याचे दोन थेंब पाजले. स्वतःवर खूश होऊन तो पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याचं सगळं काम ओळखपत्राच्या फोटोंचं. समोरच्या कचेरीचा नियम कडक होता: चेहरा गंभीर, ओठ मिटलेले.

"हसू नका. हनुवटी खाली. हलू नका..."

"चिव!"

गिऱ्हाइकाच्या ओठांचा कोपरा वर गेला. फोटो पुन्हा घेतला, पुन्हा चिव. पाचव्या वेळी फोटोग्राफरने मनाशी म्हटलं, एवढंसं हसू कोणाला दिसतंय!

दुसऱ्या दिवशी त्याने खोक्यावर काळं कापड टाकलं. अंधार होताच पिल्लाने टाहो फोडला. मग त्याने ते शर्टाच्या खिशात घातलं, तर फोटोग्राफरची छातीच चिवचिवू लागली. समोरच्या आजोबांनी काळजीने विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का?" आणि रांगेतली सगळी माणसं खो-खो हसत सुटली.

तिसऱ्या दिवशी कचेरीतले साहेब स्वतः दारात उभे. हातात लिफाफा, कपाळावर आठ्या.

"अकरा फोटो! अकराच्या अकरा हसतायत! ओळखपत्राचे फोटो काढताय की साखरपुड्याचे?"

"साहेब, ते जरा..."

"जरा काय? आमचा माणूस तपासताना स्वतः हसायला लागला!"

"चिव," खोक्यातून बारीक आवाज आला. आज तो फारच बारीक होता. सकाळपासून पिल्लाने पाणीही घेतलं नव्हतं.

साहेब वाकले. बोटाने चिकटपट्टी चाचपून पाहिली. मग म्हणाले, "हे कोणी बांधलंय?"

"मी."

"पार्सल पाठवताय का कुठे? पाय आवळून टाकलेत त्याचे! आणि खाली हा कागद! यावर माणूस घसरेल, ते तर पिल्लू आहे. टॉवेल आणा. कात्री आणा."

साहेबांनी कोट काढून खुंटीला लावला. चिकटपट्टी कोमट पाण्याने भिजवून हलकेच सोडवली. लिफाफ्यातला पुठ्ठा कापून नखाएवढे दोन जोडे केले, वळलेलं एकेक बोट सरळ करून त्यावर चिकटवलं. दोन पायांमध्ये थोडं अंतर ठेवून मऊ पट्टीचा पूल बांधला. फोटोग्राफर श्वास रोखून पिल्लू धरून होता. बाहेर रांग खोळंबली होती आणि कोणीही कुरकुरत नव्हतं.

"तुम्ही हे कुठे शिकलात?"

"आई करायची. मी धरायचो," साहेब म्हणाले. "तीस वर्षांत हात लावला नव्हता. आता दर दोन तासांनी पाणी. मी येऊन बघेन."

आणि ते खरंच आले. जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या सुट्टीत, आणि सुट्टी नसतानाही. जोडे घातल्यापासून तिसऱ्या दिवशी त्यांनी ते काढले. पिल्लू डगमगलं, एकदा बसलं, मग टॉवेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुरुतुरु चालत गेलं. दोन मोठी माणसं जमिनीवर गुडघे टेकून बघत राहिली.

संध्याकाळी पिल्लू घरी गेलं. सासूबाईंनी ते बाकीच्यांत सोडलं, बराच वेळ बघितलं आणि शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "आमच्या जावयानं पायावर उभं केलं हो त्याला!" शेजारणीला वाटलं, जावयाने सासूबाईंच्या धाकट्या मुलाला नोकरी लावून दिली. तिने तोंडभरून अभिनंदन केलं.

अकरा जणांचे फोटो पुन्हा निघाले. स्टुडिओत आता शांतता होती. तरी दोन दिवसांनी साहेब तोच लिफाफा घेऊन हजर.

फोटोग्राफर लगबगीने पुढे झाला. "पुन्हा कोणी हसलं?"

"नाही. नियमात बसतात सगळे." साहेबांनी फोटो टेबलावर मांडले. "पण चेहरे बघा. आत आल्या आल्या 'पिल्लू कुठंय' विचारतात, आणि गेलं म्हटलं की अशी तोंडं करतात. जणू घरचंच कोणी गेलंय. एखाद दिवस आणा की त्याला."

"गिऱ्हाइकांसाठी?"

"हो... त्यांच्यासाठीच," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःच आल्या, पदराखाली पिल्लू घेऊन. स्टुडिओची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. जोडे कोणी केले ते जावयाने त्यांना रात्री सांगितलं होतं. त्यांनी पिल्लू तिथे आलेल्या साहेबांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचे फार उपकार झाले."

"छे छे, उपकार तर तुमचे," साहेब म्हणाले, आणि पिल्लाची बोटं मोजू लागले.

सासूबाई जावयाकडे वळल्या. "पाणी दे रे जरा प्यायला," त्या म्हणाल्या.

चार महिन्यांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. तो इतक्या घाईने उठला की कॅमेऱ्याचं स्टँड आडवं झालं.