मिरचीचे माहेर

भास्कररावांच्या घरातून मिरची हद्दपार झाली, आणि ती त्यांच्याच तोंडामुळे झाली.

रविवारी दुपारी पंगत बसली होती. भास्करराव विद्याखात्यात नोकरीला होते, आणि महाराजांनी काढलेल्या लायब्ररीतून रोज एक जाडजूड पुस्तक बगलेत मारून घरी आणायचे. वाचलेले कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. त्या दिवशी शेजारचे पिलाजीराव जेवायला होते. सरकारी पागेतून निवृत्त झालेला हा गडी तिखटाचा भोक्ता. भास्कररावांच्या पत्नी कुसुमावतींनी केलेला हिरव्या मिरचीचा ठेचा तिसऱ्यांदा वाढून घेत ते म्हणाले, "वहिनींच्या हातच्या ठेच्याची सर साऱ्या बडोद्यात कशाला नाही!"

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण भास्कररावांना आदल्या दिवशीचे पुस्तक आठवले.

"अहो, त्यात हिचं काय? मिरची मुळात आपली नाहीच. ती अमेरिकेतली. फिरंग्यांनी बोटीत घालून गोव्याला आणली. बटाटा तसाच, भुईमूग तसाच. आपण उगाच आपलं आपलं म्हणतो."

पिलाजीरावांचा घास हातातच राहिला. स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या. भास्कररावांना मात्र आपण फार छान बोललो असे वाटले.

दुसऱ्या दिवशी आमटीचा भुरका मारताच ते म्हणाले, "अगं, तिखट घालायचं राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. वगळलं."

"का?"

"परदेशातून आलंय ना? माणूस समुद्र ओलांडून आला तर त्याला प्रायश्चित्त घ्यावं लागतं. मिरची तशीच फोडणीत कशी घालायची?"

भास्करराव मोठ्याने हसले. कुसुमावती हसल्या नाहीत. संध्याकाळी भाजीतला बटाटा गेला. मग कोशिंबिरीतला दाण्याचा कूट गेला. परसातली मिरचीची रोपे त्यांनी कुंड्यांत काढून पलीकडच्या शिवकोरबेनकडे पोचती केली. एकादशीला खिचडीऐवजी ताटात उकडलेली रताळी आली, तेव्हा भास्कररावांच्या तोंडून सवयीने निघून गेले, "गंमत बघ, रताळंसुद्धा मूळचं तिकडचंच!"

कुसुमावतींनी मुकाट्याने ताटातली रताळी उचलून नेली. उरले दूध आणि एक केळे. केळ्याबद्दलही पुस्तकात काहीतरी होते, पण भास्करराव आता शहाणे झाले होते. त्यांनी ते पटकन खाऊन टाकले.

गोष्ट घरात राहती तर निभावले असते. पण पाण्यावर, देवळात बायकांत ती पसरली आणि गल्लीतल्या घराघरांतून मिरची बाहेर पडली. चौथ्या दिवशी पिलाजीराव मिशा पिंजारून दारात उभे.

"भास्करराव, आमच्या घरात परवापासून मिऱ्याची आमटी शिजतेय! बाळंतिणीला देतात तसली! आमचे पणजोबा मिरची-भाकरी खाऊन गायकवाडांच्या फौजेत लढले. ते काय विलायती होते?"

"तसं नव्हे, पिलाजीराव..."

"कसंही असो. तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच निस्तरा. मिरची आपली आहे असं कुठूनही शोधून काढा."

भास्कररावांनी लायब्ररीतली कपाटे धुंडाळली. एकही पुस्तक कामाला येईना. शेवटी ते पाठशाळेतल्या हेरंबशास्त्र्यांकडे गेले. शास्त्रीबोवांनी डोळे मिटून बराच वेळ आठवून पाहिले आणि म्हणाले, "ग्रंथांत मरिच आहे, पण ते म्हणजे मिरे. मिरची कुठेच नाही. बरं झालं विचारलंत! आजपासून आमच्याकडेही बंद."

म्हणजे होती त्या घरांत आणखी एका घराची भर घालून भास्करराव परत आले.

त्या संध्याकाळी त्यांचा धीर सुटला. घरी काही न सांगता ते मागच्या वाटेने शिवकोरबेनकडे गेले. ही प्रौढ गुजराती बाई शेजारात राहून मराठी शिकली होती, पण रागावली की अर्धे गुजराती बोले.

"शिवकोरबेन, दोन मिरच्या द्या. हिला सांगू नका."

"भास्करभाई, शरम नथी आवती?" ती म्हणाली. "तुमच्या घरातली मिरची माझ्याकडे मागता?"

अंगणात त्या कुंड्या रांगेने ठेवल्या होत्या. बुटकी, जाडसर मिरची पानांआडून डोकावत होती. भास्कररावांनी ती आज पहिल्यांदा नीट पाहिली.

"तमने खबर नथी, ही कुठून आली?"

"अमेरि..." म्हणता म्हणता ते थांबले. "नाही. ठाऊक नाही."

शिवकोरबेन ओट्यावर बसली. "कुसुम लग्न होऊन आली तेव्हा आवडी नानी, एवढीशी होती," तिने गुडघ्याएवढा हात दाखवला. "सासूबाईंना भिऊन माझ्या परसात येऊन रडायची. मला मराठी कळेना, तिला गुजराती कळेना. एक दिवस तिने पदराची गाठ सोडली. आत बी होतं. तिच्या आईने निघताना बांधून दिलेलं. अर्धं मला दिलं. बीजुं शुं आपे, दुसरं काय देणार बिचारी? मग दोघींनी मिळून लावलं. माझा भाऊ वासणा गावात शेती करतो, त्याला मी दिलं. तिकडून समा गावाला गेलं. आज बाजारात जी बुटकी मिरची मिळते ना, बधी कुसुमनी. सगळी तिचीच."

भास्कररावांच्या लग्नाला इतकी वर्षे झाली होती. रोज त्या परसात ते दात घासत उभे राहत, आणि ही रोपे कोणी, कुठून आणली हे त्यांनी एकदाही विचारले नव्हते.

त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि दोन्ही काखांत एकेक कुंडी घेतली. मागच्या वाटेने नव्हे, पुढच्या रस्त्याने, सगळ्या गल्लीच्या देखत. चार खेपा झाल्या. डोईवरची पगडी वाकडी झाली, अंगरख्याला माती लागली. पिलाजीराव खिडकीतून पाहत होते.

कुसुमावती परसदारी येऊन उभ्या राहिल्या. "हे काय चालवलंय?"

"अमेरिकेपासून गोव्यापर्यंतचं मला ठाऊक आहे," धापा टाकत भास्करराव म्हणाले. "गोव्यापासून आपल्या परसापर्यंत ती कशी आली, ते तू सांग."

"पुस्तकात नसेल ते."

"म्हणून तर विचारतोय."

कुसुमावतींनी पदराने कुंडीवरची माती पुसली. मग पायरीवर बसून त्या सांगू लागल्या. कोरेगावाकडचे त्यांचे घर, विहिरीजवळचा वाफा, पावसाने फुटलेला बांध, आणि निघायच्या सकाळी आईने पदराला घातलेली गाठ. मध्येच त्या थांबत आणि भास्करराव म्हणत, "मग?" त्यांना सांगण्यासारखे स्वतःचे काहीच नव्हते. चुलीवरचा भात करपल्याचा वास आला, तेव्हा दोघेही एकदमच उठले.

पुढच्या रविवारी भास्कररावांनी गल्लीलाच जेवायला बोलावले. ठेचा पाट्यावर वाटला गेला, शिवकोरबेनने रतलामी शेव नि अथाणे, म्हणजे लोणचे, आणले, बायकांनी आपापल्या घरी नेण्यासाठी मिरच्या ओच्यात भरून घेतल्या. हेरंबशास्त्र्यांनी घास घेऊन, डोळ्यांतले पाणी पुसून, 'ग्रंथकर्त्यांनी ही चाखलीच नसावी' असा निवाडा दिला.

पंगतीत भास्कररावांच्या कचेरीतले, मुंबईहून नवे आलेले एक गृहस्थ होते. त्यांनी बोट चाटत विचारले, "झकास! ही मिरची कुठली हो?"

पिलाजीरावांचा हात थबकला. सगळी पंगत भास्कररावांकडे पाहू लागली.

"हिच्या माहेरची," भास्करराव म्हणाले. "कोरेगावाकडची."

"पण मिरची मूळची अमेरिकेतली, असं मी वाचलंय."

"असेल की. कोरेगावाहूनच कोणी तिकडे नेली असेल."

तेव्हा परक्या पुरुषांसमोर कधीही तोंड न उघडणाऱ्या कुसुमावतींचा आवाज दाराआडून स्वच्छ ऐकू आला.

"फिरंग्यांनी बोटीत घालून गोव्याला आणली. पाहुण्यांना खोटं सांगू नये!"