उंदीरप्रथिनाचे कुपीची व महाराजांचे डोळ्यांची हकीकत

॥ श्री ॥ आधी नमन गजाननास, मग त्याचे वाहनास, कारण या हकीकतीत वाहनाचेच काम अधिक. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमी, ते दिवशी आमचे राज्यात जे जाहले ते जैसे देखिले तैसे लिहितो. जेथे देखिले नाही तेथे ऐकिले, आणि जेथे ऐकिलेही नाही तेथे ठासून लिहिले.

प्रथम राज्याचा महिमा. हे राज्य ऐसे की सूर्यनारायणही मावळण्याआधी हुजूर वर्दी देतो, चारी दिशांस दरारा, शत्रू नुसते नाव ऐकता घास गिळणे विसरतो. लांबी साडेतीन कोस, रुंदी ओढ्यास पाणी नसेल तर दोन. गादीवर श्रीमंत तेजवंतराव महाराज. एके दिवशी भर दरबारात गर्जना केली की, "आमचे नजरेतून मुंगी निसटत नाही!" आणि सिंहासनावरून उठले, आणि डावे अंगास वळले, आणि खांबावर आदळले. मग खांबाने वाट अडविली म्हणोन खांब पाडिला. दुसरे दिवशी दुसरा आडवा आला, तोही पाडिला. चौथा पाडिता छत कुरकुरले, तेव्हा उरले खांबांस उदार अंतःकरणे माफी जाहली.

खरी गोष्ट ऐसी की महाराजांस समोरचे लख्ख दिसे आणि दोही बाजूंचे काहीच दिसेना. हे दरबारात सर्वांस ठाऊक, एक महाराजांस सोडून. दिवाण त्रिंबकपंतांनी सिंहासनाचे डावे अंगास आरामखुर्ची टाकविली आणि तेथे पाय पसरून राज्यकारभार पाहू लागले, बहुतकरून डोळे मिटून. मग मानकरी तेथे सरकले, मग कारकून सरकले, मग पत्त्यांचा डाव बसला. आणि ज्याची काही तक्रार असे त्यास उजवे अंगास उभा करीत आणि सांगत की हात वर कर. तो बापडा हात वर करून सांजवेळपर्यंत उभा राही आणि महाराज समोर पाहून म्हणत, "प्रजा सुखी आहे. एकही हात वर नाही." मग सर्वत्र जयजयकार होई.

पागेमागे एक प्रयोगशाळा, तेथे भामाबाई गोडांबे या विदुषी अकरा वर्षे काचबिंदूचा अभ्यास करीत होत्या. त्यांचे तीर्थरूपांची दृष्टी याच रोगे गेली होती. दुखत नाही, खुपत नाही, कडेचे आधी जाते, आणि समोरचेही जाईल तेव्हा फार उशीर जाहलेला असतो. हे ध्यानी धरून बाईंनी तीन वेळा दिवाणजींस सांगितले की, "महाराजांचे डोळे तपासून घ्या, नाहीतर उरले तेही जातील." दिवाणजी आरामखुर्चीतून म्हणाले, "बाई, महाराजांस सगळे दिसते. तुम्हीच कडेला उभ्या राहता."

त्या बाईंनी प्रयोगासाठी परमुलुखातून उंदराचे एक प्रथिन मागविले होते, नाव मायोसिलिन. ते आठ आठवड्यांनी पोहोचले. पेटाऱ्याएवढा डबा, डब्यात धूर सोडणारे बर्फ, बर्फात पिशवी, पिशवीत करंगळीच्या पेराएवढी कुपी, आणि कुपीत भुकटी इतकी की मोहरीच्या एका दाण्याचे दोनशे भाग करावे आणि त्यातील एक घ्यावा. कुपीवर चिठ्ठी होती, तीवर मोजके लिहिले होते की, हे केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, मनुष्यास देऊ नये.

आता या राज्याची रीत ऐसी की सरकारी वस्तू आत आली की आधी तीवर पांढऱ्या तैलरंगाने क्रमांक घालावा, मग ती काय आहे ते पाहावे. हे काम कोठावळे दाजीबा यांचे. त्यांनी खुर्च्या रंगविल्या, बादल्या रंगविल्या, हत्तीचा कान रंगविला, आणि एकदा मुक्कामास आलेले वकीलही चुकून रंगविले. त्यांनी कुपी चिमटीत धरिली आणि जीभ दातांत धरिली आणि क्रमांक घातला, तो कुपीस साडेतीन वेढे घालून बसला. चिठ्ठीवरील एक अक्षर दिसेना. दाजीबा लांब धरून पाहाते जाहले आणि म्हणाले, "वळण काय सुरेख आलंय!"

मग बातमी फुटली की उंदराचे काही आले आहे. कोणी म्हणे उंदीर आला, कोणी म्हणे प्रत्यक्ष गणपतीचा आला. मग डब्याची मिरवणूक निघाली, पुढे चौघडा, मागे दाजीबा रंगाचा डबा घेऊन, आणि एकवीस मोदकांचा नैवेद्य दरबारी मांडिला. महाराजांनी रीतीप्रमाणे कुपी उजवे डोळ्यास लाविली, मग डावे डोळ्यास लाविली, आणि पुसिले, "हे काय असते?"

दाजीबा म्हणाले, "डोळ्यांचं आहे, महाराज. यादीत तसंच लिहिलंय."

"म्हणजे औषध?"

"औषधच!" डावे अंगाकडून दिवाणजींचा आवाज आला. "एरवी एवढा धूर कशाला निघेल?"

तेव्हा महाराज ऐसे हळू बोलिले की पहिल्या रांगेसच ऐकू गेले. "परवा नात शेजारी येऊन बसली होती. अर्धी घटका बसली म्हणे. आम्हांस दिसलीच नाही. रुसून गेली पोर." आणि मान मागे टाकून म्हणाले, "घाला डोळ्यांत."

दाजीबांनी भुकटीत गुलाबपाणी मिसळावे म्हणोन कुपीचे झाकण धरिले, इतक्यात भामाबाई पागेकडून धावत आल्या, एक चप्पल वाटेत राहिली, आणि ओरडल्या, "थांबा! झाकण उघडू नका!"

"बाई, दरबारात पळू नये," दिवाणजी बोलिले.

"महाराज, हे औषध नव्हे. डोळ्यांत पाणी बनते आणि बारीक मोरीने वाहून जाते. हे प्रथिन बिघडले की ती मोरी तुंबते आणि दाब चढतो आणि आतली नस सुकते. आपल्याही डोळ्यांत असते, उंदराच्याही असते. हे उंदराच्या कृतीने कारखान्यातल्या जंतूंकडून रांधून घेतलेले."

महाराज दचकले. "म्हणजे आम्ही रोग मागवून घेतला? वर चौघडा लावून?"

"बिघाड कसा होतो ते पाहायला मागवले. अभ्यासाला. डोळ्यांत घालायला नव्हे. तसे कुपीवर लिहिलेय."

"कोठे लिहिले आहे?"

बाईंनी कुपी पाहिली, मग दाजीबांकडे पाहिले. दाजीबांनी रंगाचा डबा पाठीमागे धरिला.

"बरे, मग उंदीर कोठे आहे?" महाराजांनी पुसिले.

"उंदीर नाहीच आहे."

"मग मोदक कोणी खाल्ले?"

सर्वांनी ताटाकडे पाहिले तो एकविसांतील दोन उरले होते. भामाबाई महाराजांचे समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे पाहावे, महाराज. हलू नये. किती बोटे?"

"कसली बोटे?"

बाईंनी हात बाजूने आत आणिला. "आता?"

"बाई, थट्टा पुरे. बोटे दाखवा तर खरी."

हात आणखी आत आला, आणि आणखी आत आला, आणि पार बाईंच्या कानापाशी पोहोचला तेव्हा महाराज बोलिले, "तीन." आणि त्यांचा चेहरा पडला. मग बाई हळूच म्हणाल्या, "आता मान डावीकडे वळवावी. पूर्ण वळवावी."

महाराजांनी मान वळविली, आणि आरामखुर्ची देखिली, आणि खुर्चीत त्रिंबकपंत देखिले, आणि पंतांचे गालात मोदक देखिला.

"दिवाणजी, आपण येथे कधीपासून?"

पंतांनी मोदक गिळिला. "सात वर्षे झाली, महाराज."

मग महाराजांनी मान उजवीकडे वळविली. तेथे एक कोष्टी हात वर करून उभा होता. त्याचा हात खाली करविला आणि पुसिले, "काय म्हणणे आहे?" तो म्हणाला, "आता आठवत नाही, महाराज. पण हात दुखतोय."

मग दुसरे दिवशी स्वारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेली, आणि तेथे नंबर लावून बाकावर बसली, आणि डॉक्टरांनी दाब मोजिला आणि साफ सांगितले की, "गेले ते परत येणार नाही. उरले ते राखू. रोज संध्याकाळी एक एक थेंब, जन्मभर, खाडा नको." महाराजांनी मान डोलाविली आणि बाटली खिशात घालून परतले. भामाबाईंनी कुपी शीतपेटीत ठेविली आणि प्रयोग आरंभिला. दिवाणजींची खुर्ची काढिली. महाराज आता मान वळवून वळवून दोही बाजू पाहतात, यास्तव दरबार हल्ली सिंहासनाचे पाठीमागे भरतो.

येणेप्रमाणे रोग ओळखिला गेला, राज्य वाचले, आणि समोर बसून खऱ्या नजरेने पाहणाऱ्या राजाची कीर्ती साडेतीन कोस पसरली. तिसरे दिवशी संध्याकाळी राजमुद्रेचा खलिता घोडेस्वाराने दौडत पागेमागे आणिला. सर्व उठून उभे राहिले आणि भामाबाईंनी तो मस्तकी लावून फोडिला. आत महाराजांचे स्वहस्ताक्षर होते: "दोन दिवस दाबतो आहे, थेंब येत नाही. बाटलीचे टोकास भोकच नाही. ते कोठे पाडावे हे कळवावे."