शब्दाला माणूस पाहिजे

गेल्या वर्षी भर सकाळी आमच्या फाटकाशी उभं राहून मारोतरावांनी मला 'गॅर्युलस' म्हटलं. स्टँडवर गाड्या पुकारण्यात हयात गेलेला आवाज. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"म्हंजी काय वो?" मी विचारलं.

"म्हंजी बडबड्या!" ते आनंदानं म्हणाले. "बसला की न्हाई बरोबर? दुसरं घर बघायची पाळीच आली न्हाई."

मारोतराव आमचे नांदेडातले शेजारी. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले आणि वरचं इंग्रजी शिकायला बसले. खालचं का नाही? "यस, नो, थँक्यू तर शेंबडी पोरंबी बोलून राहिलीत," ते म्हणत. विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या कुणा पोरानं रद्दीत टाकलेली एक जाडजूड जुनी इंग्रजी कादंबरी त्यांनी उचलली. तिला ना पुठ्ठा होता, ना नाव. रद्दीवाला म्हणाला, क्लासिक आहे. मारोतरावांनी हातात तोलून बघितली आणि मान्य केलं.

नियम त्यांचा त्यांनीच केलेला. अडलेला शब्द डिक्शनरीत बघायचा आणि तो शोभेल अशा जिवंत माणसाला तोंडावर म्हणायचा. त्याशिवाय पान उलटायचं नाही. 'व्होरेशस' म्हणजे खादाड हा शब्द त्यांनी बारशाच्या पंगतीत माझ्या साडूंवर खर्च केला. साडू अजून आमच्याकडं जेवत नाहीत. 'मॅग्नॅनिमस'ला मात्र माणूसच सापडेना. शेवटी एका भाजीवालीनं वरून कोथिंबिरीची जुडी घातली आणि मारोतराव तिच्यावर गरजले.

"शिवी देऊन राहिले का, काका?"

"न्हाई गं माय! म्हंजी मोठ्या मनाची!"

तिनं आणखी एक जुडी घातली.

आणि मग गाडी अडली. शब्द आला 'ऑब्स्टिनेट'. म्हणजे हट्टी.

हट्टी माणसांचा काय तुटवडा? मी हळूच माझ्या बायकोचं नाव सुचवलं. तिनं माझं सुचवलं, मोठ्यानं. मारोतराव मान हलवत राहिले. "ह्या शब्दाचं खरं माणूस एकच हाय. कंधारला."

कंधारला त्यांची धाकटी बहीण, शांताबाई. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा तिनं भावाला पत्रिका मोबाइलवर पाठवली. "सख्ख्या मामाला मोबाइलवर! घरी येऊन अक्षत दिली असती तर काय हात झिजले असते?" मारोतराव लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद.

"मग दुसऱ्या कुणाला म्हणा आणि सुटा," मी म्हटलं.

"बेइमानी हुईल ती."

तिकडं कादंबरीत एक बाई भर बर्फात घोडागाडी रुतून बसलेली. इकडं नांदेडात मे महिना, कूलर घोटाघोटाला पाणी मागतोय, आणि बाई त्याच पानावर गारठतेय. "मरंल वो ती," मारोतराव रोज म्हणत. त्यांचं जेवण कमी झालं. शेवटी एका सकाळी पुस्तक काखेत मारून दारात उभे. "चला कंधारला. तोंडावर म्हणतो अन् येतो. बसायचं बी न्हाई."

एवढा तमाशा मी कशाला सोडतोय! गेलो.

दार शांताबाईंनीच उघडलं. भावाकडं नुसत्या बघत राहिल्या. "लई वाळलास रे दादा," म्हणाल्या आणि आत गेल्या. मारोतराव उंबऱ्याबाहेरच घसा खाकरून तयार. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक गुलाबी फेटा होता, घडी न मोडलेला.

"मामाचा मान हाय. समदे म्हणत व्हते, दिराला उभं करा नवरदेवामागं. म्या न्हाई करू दिलं. तुझी जागा तशीच ठिवली. फेटा बी कुणाला दिला न्हाई."

सगळा स्टँड दणाणून सोडणारा आवाज. पण त्या दिवशी माझ्यापर्यंत जेमतेम पोचला.

"शांते, तू ऑब्स्टिनेट हायेस."

"म्हंजी काय?"

अर्थ त्यांना तोंडपाठ होता. गेला महिनाभर आम्ही सगळी गल्ली तो ऐकत होतो. मारोतराव फेट्याकडं बघत उभे राहिले.

"म्हंजी... माझी बहीण."

मग बसणं झालं, जेवण झालं, डोळे पुसणं झालं. निघताना शेजारच्या एका गृहस्थांकडून शांताबाईंनी फेटा बांधून घेतला. परतीच्या बसमध्ये पत्रा तापलेला, घाम कानामागून ओघळतोय, तरी मारोतराव फेटा काढायला तयार नाहीत. आता पान उलटायला काही हरकत नव्हती. पण पुस्तक मांडीवर मिटलेलं आणि बाई तशीच बर्फात.

कंडक्टर तिकीट फाडायला आला आणि फेट्याकडं बघून हसला.

"काय काका, कुणाचं लग्न?"

"माझ्या भाच्याचं!" मारोतराव म्हणाले. आवाज स्टँडवरचा. सगळ्या बसनं ऐकलं.